सगळं हिरवं होतं, आणि तीन दिवस वीज फुकट गेली

विषय निघाला भाऊबिजेला. मावसभाऊ चकली मोडता मोडता म्हणाला, "ताई, तू दिवसभर सर्व्हरच सांभाळतेस ना? मग आपण तिघं मिळून मायनिंगचा पूल टाकू की." तिघं म्हणजे तो, मी आणि माझ्या ऑफिसातला एक मित्र, ज्याला भाऊबिजेला आमच्या घरी यायचं तसं काही कारण नव्हतं, पण आला होता.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात आई-बाबांसोबत राहते. कामावर कंटेनरशी, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद डब्यात चालवायच्या पद्धतीशी, रोजचा संबंध, पण तिथे सगळं कुणीतरी आधीच मांडून ठेवलेलं. मी फक्त पडद्यावरचे हिरवे चौकोन हिरवेच आहेत ना, एवढं बघायचं. पहिल्यापासून स्वतः काही उभं करावं ही खुमखुमी बरेच दिवस होती. यातून पैसे मिळतील असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. भावाला वाटलं होतं.

मायनिंग म्हणजे यंत्राला सतत गणितं करायला लावून क्रिप्टो नाणी मिळवणं. ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या वहीचं एक पान, ते ज्याला सापडेल त्याला बक्षीस. बिटकॉइन पाच मिनिटांत बाद झालं. त्याला तेवढं एकच काम करणारी खास यंत्रं लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागचं बक्षीसही ३.१२५ वर आलंय. इथेरियमने तर सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगच बंद केलं. उरलं मोनेरो. नोव्हेंबर २०१९ पासून ते रँडमएक्स नावाची पद्धत वापरतं, जी मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीची बनवलीय. दर दोन मिनिटांनी साधारण एक ब्लॉक, आणि जून २०२२ पासून ब्लॉकमागे ०.६ मोनेरो. माझ्याकडे आणि भावाकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर होता, मित्राकडे त्याहून जरा बरा.

घरच्या एका यंत्राला एकट्याने ब्लॉक सापडायचा तर वर्षानुवर्षं जातील. म्हणून पूल: मिळून शोधायचं, ज्याचं जितकं काम तितका वाटा. आईला मी सांगितलं, भिशीसारखंच आहे. ती लगेच म्हणाली, "मग पैसे कुणाकडे जमा होतात?" चाळीत वीस वर्षं भिशी चालवलेली बाई आहे ती, मुद्द्यावरच बोट ठेवणार. नेहमीच्या पूलमध्ये पैसे जमा होतात ते पूल चालवणाऱ्याकडे. आम्ही पीटूपूल घेतला, जगभरच्या मायनरांचा, कुणीच मालक नसलेला पूल. त्यात ब्लॉक सापडला की त्या ब्लॉकच्या पहिल्याच व्यवहारातून प्रत्येकाचा वाटा ज्याच्या त्याच्या वॉलेटमध्ये जातो. भिशी आहे, पण पेटी कुणाच्याच घरी नाही.

यात एक मेख होती. पीटूपूल सुरू करताना जे वॉलेट द्याल, त्याला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची कमाई त्याच वॉलेटमध्ये जाते. तिघांची वॉलेटं वेगळी ठेवायची तर पीटूपूल तीनदा चालवायला हवा. पण मोनेरोचा नोड, म्हणजे ब्लॉकची संपूर्ण साखळी जवळ बाळगणारा प्रोग्रॅम, तिघांत एक पुरतो. इथेच कंटेनर कामाला आले: एक नोड, तीन पीटूपूल, प्रत्येकाचं पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, वेगळं, आणि सगळ्याचा आराखडा एका कंपोज फाइलमध्ये.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर एक जुना मिनी पीसी घेतला. आठ जीबी मेमरी, २५६ जीबी एसएसडी. मोनेरोची पूर्ण साखळी दोनशे जीबीच्या वर आहे. छाटलेली घेतली तर साधारण एक तृतीयांशावर काम भागतं, तीच घेतली. उतरवून घ्यायला तीन रात्री लागल्या.

तयार इमेज, म्हणजे कंटेनर ज्यातून बनतात ते साचे, मी वापरल्या नाहीत. २०२१ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांना डॉकर हबवर (डॉकर म्हणजे कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम, हब म्हणजे त्याच्या इमेजचं कोठार) अशा तीस इमेज सापडल्या होत्या, ज्या वापरणाऱ्याच्या नकळत दुसऱ्याच्याच खात्यात मायनिंग करत होत्या, आणि त्या दोन कोटींहून जास्त वेळा उतरवल्या गेल्या होत्या. मोनेरोच्या अधिकृत साइटवरच्या फाइलीही नोव्हेंबर २०१९ मध्ये काही काळ कुणीतरी बदलून ठेवल्या होत्या, वॉलेट चोरणाऱ्या. म्हणून फाइल उतरवायची, सहीने ताडायची, मग स्वतःची इमेज बांधायची. कंटाळवाणं काम आहे. भाऊ म्हणाला, एवढं कोण करतं? मी करते.

पहिला अख्खा रविवार एका पत्त्याने खाल्ला. पीटूपूलला सांगितलं होतं, नोड १२७.०.०.१ वर आहे. पीटूपूल म्हणे, नोड सापडत नाही. नोड तर समोर चालू! शेवटी डोक्यात उजेड पडला. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः. मी त्याला त्याच्याच घरात शेजारी शोधायला लावलं होतं. पत्त्याच्या जागी कंपोजमधलं सेवेचं नाव घातलं, नोडला बाहेरच्या जोडण्या घ्यायला परवानगी दिली, आणि दोघं बोलायला लागले.

परवानगी दिली ती जरा जास्तच झाली. यंत्रावर यूएफडब्ल्यूची भिंत, म्हणजे फायरवॉल, होती, नोडचं १८०८१ पोर्ट बंद आहे असं ती सांगत होती. सहज म्हणून बाबांच्या फोनवरून तो पत्ता उघडला तर नोडची सगळी माहिती समोर! डॉकरने पोर्ट प्रसिद्ध केलं, म्हणजे बाहेरच्यांना खुलं केलं, की तो आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ नियमांच्या यादीत, आपले नियम स्वतः घालतो, आणि यूएफडब्ल्यू बाजूलाच राहतं. कामावर इतकी वर्षं काढली तरी हे मला ठाऊक नव्हतं, हे लिहितानाही जरा लाज वाटते. नोडचं पोर्ट प्रसिद्ध करणं काढूनच टाकलं, तिन्ही पीटूपूलची पोर्टं टेलस्केलच्या, म्हणजे आमच्या तिघांच्या खाजगी नेटवर्कच्या, पत्त्याला बांधली. भाऊ दहिसरहून आणि मित्र परळहून तिथेच जोडले गेले.

मग तिसरा पीटूपूल सुरू केला की पहिला मरायचा. बाहेर पडतानाचा आकडा १३७. याचा अर्थ प्रोग्रॅम आपणहून थांबला नाही, त्याला मारलं. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, कुणाचा तरी बळी घेतो, तसं. रँडमएक्सचा डेटासेट दोन जीबीहून मोठा असतो आणि प्रत्येक पीटूपूल स्वतःचा वेगळा बनवतो. तीन पीटूपूलचे सात जीबी, त्यात नोड, आणि मेमरी एकूण आठ. लोकलच्या डब्यात चौथी सीट मागावी तसं चाललं होतं माझं. लाइट मोड नावाचा पर्याय निघाला. त्यात पडताळणी सावकाश होते पण दोन जीबी वाचतात. तिन्हींना तोच लावला. हाच १३७ नोड थांबवतानाही दिसला होता: डॉकर दहा सेकंद वाट बघतो आणि मग सरळ मारतो, नोडला डेटाबेस मिटायला तेवढा वेळ पुरत नाही. ती मुदत दोन मिनिटं केली.

माझ्या रायझनवर एक्सएमरिग, म्हणजे प्रत्यक्ष मायनिंग करणारा प्रोग्रॅम, सेकंदाला जेमतेम चार हजार हॅश, म्हणजे ब्लॉक शोधायचे प्रयत्न, देत होता. ह्यूज पेजेस, म्हणजे मेमरीची मोठी पानं, कंटेनरच्या आतून लावायचा प्रयत्न केला, साध्या कंटेनरमधून ते होत नाही, कारण कर्नल यजमान यंत्राचा. तिथे पानं राखून ठेवली आणि आकडा साडेसहा हजारांवर गेला. त्या रात्री मी खूश होते.

आता देखरेख. आकडे गोळा करायला प्रोमिथियस, ते पडद्यावर दाखवायला ग्राफाना, कंटेनरांवर लक्ष ठेवायला सीअॅडव्हायझर, आणि काही बिघडलं तर टेलिग्रामवर निरोप. प्रोमिथियसचा डेटा जुन्या हार्ड डिस्कवर, म्हणजे एसएसडीवर भार नको. पडदा देखणा झाला होता. कंटेनर चालू: हिरवा. हॅशरेट: हिरवा. तापमान: हिरवं. एक्सएमरिगमध्ये एकामागून एक "स्वीकारलं, स्वीकारलं". सकाळच्या लोकलमध्ये घाटकोपर ते दादर मी फोनवर तोच पडदा बघत उभी असायचे.

जानेवारीत भावाने विचारलं, "ताई, तीन-चार दिवसांत काहीच नाही आलं का गं?" मी म्हटलं, नशीब. आणि ते पटण्यासारखं होतं. पीटूपूलमध्ये दहा सेकंदांना एक शेअर, म्हणजे केलेल्या कामाचा एक पुरावा, धरला तर शेवटच्या २१६० शेअरची खिडकी साधारण सहा तासांची. पूलला ब्लॉक सापडतो त्या क्षणी खिडकीत तुमचा शेअर नसेल तर वाटा शून्य. आम्ही होतो लहान यंत्रांसाठीच्या मिनी साखळीवर, तिला कधी दिवसाला एखादा ब्लॉक मिळतो, कधी तोही नाही. तेव्हा वॉलेट कोरडं असणं हा काही पुरावा नव्हता.

तरी रात्री नोडची उंची, म्हणजे शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक, बाहेरच्या क्रमांकाशी ताडून पाहिली. नोड दोन हजारांहून जास्त ब्लॉक मागे. दोन मिनिटांनी गुणलं तर जवळपास तीन दिवस.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत: एसएसडी शंभर टक्के भरलेली. सुरुवातीच्या खटपटीत मी नोडच्या नोंदी सगळ्यात बोलक्या पातळीवर ठेवल्या होत्या आणि परत खाली आणायला विसरले होते. डॉकर त्या नोंदी साठवत राहतो आणि आपण सांगितल्याशिवाय जुन्या टाकून देत नाही. डिस्क भरली, नोडला नवा ब्लॉक लिहिता येईना, पण प्रोग्रॅम जिवंत, म्हणून कंटेनर हिरवा. एक्सएमरिग शिळ्या ब्लॉकवर घाम गाळत होता, आणि "स्वीकारलं" हे उत्तर माझाच पीटूपूल देत होता. त्याची तिथली अट फार सोपी असते, खऱ्या शेअरशी तिचा संबंध नाही. डिस्क भरत आली की निरोप येईल असा नियम मी लावला होता, पण तो हार्ड डिस्कवर. तिथे भरपूर जागा होती.

दोघांना फोन केला. मित्र हसला. भाऊ नाही हसला, त्याच्या खोलीचा पंखाही त्या यंत्राकडे तोंड करून ठेवला होता.

त्यानंतर पडदा पाडून नवा बांधला. नोंदींना दहा एमबीची मर्यादा, अशा तीनच फाइली. नोडची उंची, जोडलेल्या शेजाऱ्यांची संख्या, आणि पीटूपूल स्वतः जी फाइल लिहितो त्यातून खरे सापडलेले शेअर, हे उचलायला पायथनमध्ये पन्नासेक ओळी लिहिल्या. मुख्य नियम एकच: उंची वीस मिनिटं वाढली नाही तर मला उठव.

फेब्रुवारीत एकदा त्या नियमाने पहाटे सव्वातीनला उठवलं. धडपडत बघितलं तर काही बिघडलेलं नव्हतं, जगातच कुणाला वीस मिनिटं ब्लॉक सापडला नव्हता. चहा करून गणित मांडलं. सरासरी दोन मिनिटं असताना वीस मिनिटांची खीळ बसायची शक्यता लाखात साडेचार. दिवसाला ब्लॉक ७२०, म्हणजे महिन्यातून एकदा हे होणारच. तीस मिनिटं धरली तर बारा वर्षांतून एकदा. नियम तीसवर नेला. तोपर्यंत आई उठली होती आणि माझ्याकडे बघत होती.

पहिला वाटा आला होता ०.०००२८ मोनेरो. ०.६ ला २१६० ने भागा, एका शेअरचं तेवढंच येतं. साठ ब्लॉक, म्हणजे दोन तास, तो कुलूपबंद असतो. सुटल्यावर त्या दिवशीच्या भावाने त्यात कटिंगही आला नसता. वर आपल्याकडे अशा उत्पन्नावर ३० टक्के कर, आणि मार्च २०२२ मध्येच सरकारने लोकसभेत सांगितलंय की मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा होणार नाही.

आणि बिल. रायझन भिंतीवरून १३० वॅट ओढतो, महिन्याला ९४ युनिट. मिनी पीसीचे अठरा. आमच्या घराचे २४० होते ते ३५० च्या वर गेले, म्हणजे तीनशेची पायरी ओलांडून महाग दराच्या खणात. बाबा काही बोलले नाहीत, फक्त बिल जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाजवळ ठेवलं.

एप्रिलच्या उकाड्यात मी रायझन बंद केला. मित्राने त्याआधीच केला होता. नोड आणि भावाचा पीटूपूल अजून मिनी पीसीवर चालतो, कारण दहिसरची आशा अजून सुटलेली नाही. परवा जेवताना आईने विचारलं, "ती तुझी भिशी फुटली का गं?" म्हटलं, एक मेंबर आहे अजून.