तुम्ही विचारलेत म्हणून: स्वस्त आणि टिकाऊ वॉशिंग मशीन कोणते?

घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीच्या खात्यात माझी सारी नोकरी झाली, आणि निवृत्त झालो तरी इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतल्या ओळखीच्या घरांतून एक प्रश्न अजून येत असतो: ‘काका, वीस हजारांच्या आत बसेल आणि दहा वर्षे डोक्याला ताप देणार नाही, असे वॉशिंग मशीन कोणत्या कंपनीचे घ्यावे?’ विचारणाऱ्याला कंपनीचे नाव हवे असते, आणि मी मात्र तुमची पाण्याची टाकी नळाच्या किती वर आहे, पाणी नर्मदेचे की बोअरिंगचे, असे उलट विचारू लागतो. काही जणांना ती टाळाटाळ वाटते, म्हणून माझे उत्तर एकदा सविस्तर लिहितो आहे.

एकाच कंपनीचे, एकाच दुकानातून घेतलेले, एकाच मॉडेलचे मशीन एका घरी बारा वर्षे बिनतक्रार चालते आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या घरी तिसऱ्याच वर्षी आडवे पडते, हे आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. अशा वेळी यंत्राला बोल लावण्याआधी आम्ही घर पाहायचो, आणि बहुतेक वेळा उत्तर गच्चीवरच सापडायचे.

स्वयंचलित मशीनमध्ये पाणी घेणारी एक विजेची झडप असते. ती नीट उघडून पाणी वेळेत भरावे यासाठी पाण्याला किमान दाब लागतो, आणि बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत तो साधारण ०.३ ते ०.५ बार असा दिलेला असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार होतो, म्हणजे टाकीतले पाणी मशीनच्या नळापेक्षा निदान तीन ते पाच मीटर उंच असले पाहिजे. आता इंदूरमधल्या जुन्या दुमजली घराचा विचार करा. मशीन वरच्या मजल्यावरच्या मोरीत ठेवलेले आहे आणि टाकी त्याच मोरीच्या स्लॅबवर, थेट डोक्यावर टेकवलेली आहे. मजल्याची उंची तीन मीटर, मशीनचा नळ जमिनीपासून एक मीटरवर, म्हणजे मधले अंतर जेमतेम दोन मीटर उरते. त्यातून टाकी अर्धी रिकामी असेल आणि वाटेत अर्ध्या इंचाच्या जुन्या, गंजलेल्या पाइपाचे चार बाक असतील, तर मशीन पाण्याची वाट पाहत बसते आणि शेवटी पडद्यावर चूक दाखवून थांबते. ग्राहक तक्रार नोंदवतो, मेकॅनिक येतो, झडपेच्या तोंडाशी असलेली जाळी साफ करतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच घडते. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी टाकी लोखंडी स्टँडवर चढवावी, किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवावा, किंवा कमी दाबावरही पाणी भरून घेते अशी लेखी खात्री असलेले मॉडेल घ्यावे. यांपैकी काहीच जमणार नसेल तर सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे धुण्याचा आणि पिळण्याचा टब वेगवेगळा असलेले मशीन घ्यावे, कारण त्यात पाणी नळीने किंवा बादलीने कसेही भरता येते.

दुसरी बाब पाण्याच्या हिशेबाची आहे. नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदूरला पोहोचले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते सुमारे सत्तर किलोमीटरवरून घाट चढवून आणले जाते, आणि शहराच्या बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड येते. ज्यांच्याकडे मोठा हौद आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण पाचशे लिटरच्या टाकीवर दोन दिवस काढणाऱ्या कुटुंबाने वरून कपडे टाकायचे स्वयंचलित मशीन घेतले, तर एका धुण्याला शंभर ते दीडशे लिटर पाणी जाते हे आधी लक्षात घ्यावे. समोरून दार उघडणारे मशीन तेच काम साधारण पन्नास-सत्तर लिटरांत करते. सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाणी आपल्या हातात असते: शेवटच्या खळबळण्याचे स्वच्छ पाणी पुढच्या खेपेच्या साबणाला वापरता येते आणि त्यानंतरचे अंगण धुवायला. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांत ही काटकसर कोणाला शिकवावी लागत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पाण्याच्या जडपणाकडे. माळव्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असू शकतात. निपानिया, बिचोलीकडच्या नव्या वसाहतींत राहायला गेलेल्या मंडळींना नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरे किटण दिसते, ते याच क्षारांचे. आरओ विकणारा माणूस जो टीडीएसचा आकडा दाखवतो तो पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा असतो. जडपणा त्यातून नेमका कळत नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर दोन बाटल्यांत दोन ठिकाणचे पाणी घ्यावे, प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा थोडा सारखा कीस टाकावा आणि जोराने हलवावे. जड पाण्यात फेस कमी आणि दह्यासारखा साका जास्त येतो. कपड्यांची पावडर यासाठी चालत नाही, कारण ती जड पाण्यातही फेस देईल अशीच बनवलेली असते. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. तेव्हा पिण्याला चालणारे पाणी मशीनलाही मानवेल, असे समजू नये.

हे क्षार मुख्यतः पाणी तापवल्यावर बाहेर पडतात आणि हीटरवर थर धरतात. गीझरच्या कॉइलची जी अवस्था होते तीच येथेही होते. म्हणून जड पाण्याचा पहिला फटका हीटर असलेल्या मशीनला, बहुधा समोरून उघडणाऱ्या मशीनला बसतो. बोअरिंगचेच पाणी असेल आणि तरीही असे मशीन घ्यायचे असेल, तर रोजचे कपडे थंड पाण्याच्या प्रोग्रामवर धुवावेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्षार काढणारी पावडर रिकाम्या ड्रममध्ये गरम पाण्यावर फिरवावी. नळाला लावायची जी छोटी काडतुसे विकली जातात, ती थर धरण्याचा वेग थोडा कमी करतात इतकेच. पाणी खरोखर मऊ करणारे यंत्र मीठ घालून पुन्हा ताजे करावे लागते आणि ते खिशाला परवडणारे नसते.

एवढे पाहून झाले की कोणत्या प्रकारचे मशीन घ्यावे हे जवळजवळ ठरलेलेच असते. आजच्या बाजारात सात किलोचे सेमी ऑटोमॅटिक साधारण आठ ते चौदा हजारांत, वरून उघडणारे स्वयंचलित पंधरा ते पंचवीस हजारांत आणि समोरून उघडणारे पंचवीस हजारांच्या पुढे मिळते. केवळ टिकाऊपणाच पाहायचा असेल तर माझे मत सेमी ऑटोमॅटिकच्या बाजूने आहे, आणि ते ऐकून नव्याने संसार मांडलेल्या मुली हिरमुसतात याची मला कल्पना आहे. पण त्यात दोन साध्या मोटरी, दोन चावीचे टायमर, एक पट्टा, एक ब्रेकची तार आणि थोडी रबरी सीले असतात, आणि यातले काहीही बिघडले तरी गल्लीतला कारागीर ते काही शेकड्यांत नीट करून देतो. शरीर प्लॅस्टिकचे असले तर गंजाचाही प्रश्न नाही. फक्त गॅलरीतल्या उन्हाने ते ठिसूळ होते, तेव्हा वर आच्छादन घालावे.

तरीही सत्तरी ओलांडलेल्या जोडप्यांना मी सेमी ऑटोमॅटिक सुचवत नाही. ओले, जड कपडे, विशेषतः सुती नऊवारी किंवा पलंगाची चादर, एका टबातून उचलून दुसऱ्यात कोंबणे हे कमरेचे काम आहे, आणि ते प्रत्येक खेपेला करावे लागते. समोरून उघडणाऱ्या मशीनपुढे गुडघे वाकवावे लागतात. त्यांच्यासाठी वरून उघडणारे साधे स्वयंचलित मशीन बरे: कमी प्रोग्रामांचे, शक्यतो हीटर नसलेले, आणि टाकीची उंची पाहून घेतलेले. कपडे धुवायला बाई येत असेल तर मशीन तिला विचारून घ्यावे, ही माझी सूचना लोक हसण्यावारी नेतात. पण दिवसाआड ते चालवणारी तीच असते.

आता दुरुस्तीबद्दल. ‘मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी’ ही पाटी महाराणी रोडवरच्या प्रत्येक दुकानात दिसेल. ती खोटी नसते, पण मोटर हा क्वचितच बिघडणारा भाग आहे, आणि अनेकदा त्या वॉरंटीत फक्त मोटर मिळते, ती बसवण्याची मजुरी मिळत नाही. बिघडते ते दुसरेच: पाणी बाहेर फेकणारा पंप, पाण्याची झडप, दाराचे कुलूप, ड्रमची बेअरिंग, आणि सर्वांत महाग म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट, ज्याला आम्ही पीसीबी म्हणतो. विजेचा चढउतार, मोरीतली दमट हवा आणि उंदीर हे पीसीबीचे तीन वैरी आहेत. म्हणून काम झाले की भिंतीवरचा खटका बंद करावा आणि तळाला उंदरांसाठी जाळी आहे का ते विकत घेतानाच मशीन तिरके करून पाहावे. विक्रेत्याला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: या मॉडेलच्या पीसीबीची आणि पंपाची किंमत किती, आणि बाहेरचा टब उघडता येतो की कारखान्यातच कायमचा जोडून बंद केलेला आहे. टब बंद असेल तर काही शेकड्यांची बेअरिंग खराब झाली तरी पूर्ण टब बदलावा लागतो, आणि तो खर्च ऐकून माणूस नवे मशीन घेण्याचा विचार करू लागतो. विक्रेत्याला हे नेहमीच माहीत असते असे नाही. त्याच्या उत्तरावर विसंबून न राहता, खरेदीआधीच कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन करून आपल्या भागात माणूस किती दिवसांत येतो हेही विचारावे. आपल्या गल्लीतल्या मेकॅनिकला ‘तुझ्याकडे कोणत्या मशीनचे सुटे भाग सहज मिळतात?’ असे विचारले तर कंपनीचे नावही मिळेल, आणि ते माझ्या नावापेक्षा जास्त उपयोगाचे असेल.

बाकीचे थोडक्यात. क्षमतेचे किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात; दोघा-तिघांना सहा-साडेसहा किलो आणि चौघा-पाचांना सात-आठ किलो पुरते. ऊर्जेचे तारे पाहावेत, पण थंड पाण्यावर धुणाऱ्या घरात वीज मुळातच फार लागत नाही; खरी वीज पाणी तापवण्यात जाते. पंचवीस-तीस प्रोग्राम असलेल्या मशीनवर लोक दोनच वापरतात. मोबाइलवरून चालणाऱ्या मशीनबद्दल मला विचारू नये, कारण कपडे टाकायला माणसाला तेथे जावेच लागते.

खरेदी शक्यतो धनत्रयोदशीच्या गर्दीत करू नये. त्या आठवड्यात मशीन घरी पोहोचते, पण बसवणारा माणूस दिवाळी उलटून गेल्यावर येतो. पक्के बिल घ्यावे. २०१८ च्या जुलैत जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हापासून तो वाचवण्यासाठी कच्च्या बिलावर वॉरंटी घालवण्यात तर काहीच अर्थ राहिलेला नाही. हीटर असलेल्या मशीनला १६ अँपिअरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग लागते. मोरीतल्या लहान सॉकेटमध्ये जोडणी बदलून पिन घुसवू नये. समोरून उघडणारे मशीन घेतलेत तर त्याच्या पाठीमागे वाहतुकीसाठी लावलेले तीन-चार लांब बोल्ट असतात, ते काढल्याशिवाय मशीन चालवू देऊ नका, नाहीतर ते पहिल्याच पिळण्याला खोलीभर नाचेल. काढलेले बोल्ट पिशवीत घालून बिलासोबत जपून ठेवा. घर बदलताना तेच पुन्हा लावावे लागतात, आणि ते हरवले तर बाजारात वेगळे सहज मिळत नाहीत.