वर्गणीची वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आठवणी पाठवाव्यात असा निरोप मिळाला, तेव्हा गुरुजनांविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्यांच्याविषयी माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिणारे अनेक जण आहेत. मी लिहिणार आहे ते माझ्या आजोबांविषयी. ते या शाळेचे विद्यार्थी नव्हते, शिक्षक नव्हते आणि कार्यालयातल्या देणगीदारांच्या फलकावरही त्यांचे नाव नाही. चौथी झाल्यावर त्यांची शाळा सुटली ती कायमचीच. मात्र शाळेच्या पहिल्या तीन खोल्यांचे चिरे ज्या पैशांतून आले, त्या पैशांचा हिशेब चौदा वर्षे त्यांच्या ट्रंकेत होता.

आमचे घर राजापूर तालुक्यातले, भात आणि नाचणीवर कसेबसे आठ महिने चालणारे. सतराव्या वर्षी आजोबा मुसाकाजी बंदरावरून बोटीने निघाले, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागमधल्या गावकीच्या खोलीत राहू लागले. गावकीची खोली म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. एका गावच्या माणसांनी मिळून चाळीतली एक खोली भाड्याने धरायची, भाडे सर्वांनी वाटून घ्यायचे आणि पंचवीस-तीस जणांनी त्या एका खोलीत संसार नसलेला संसार करायचा, अशी ती व्यवस्था होती. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी आणि ट्रंक ठेवण्यापुरती जागा येई. गिरणीत तीन पाळ्या चालत म्हणून सगळे एका वेळी खोलीत नसत, आणि म्हणूनच ती खोली पुरत असे. जेवण खानावळीत आणि झोप जिथे जागा मिळेल तिथे, म्हणजे उन्हाळ्यात बहुधा गॅलरीत किंवा रस्त्याच्या कडेला.

पहिली काही वर्षे आजोबा बदली कामगार होते. पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दरवाजापाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचे, नाहीतर खोलीवर परत. कायम झाल्यावर ते साचेखात्यात आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. साचा म्हणजे आपल्या गणपतीचा नव्हे, कापड विणण्याचा माग. शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारच्याने कानाशी ओरडले तरी ऐकू येत नसे. माणसे ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा लाकडी भाग; त्यातली दोरा गुंडाळलेली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दोऱ्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाई. गावी परतलेल्या आजोबांचा खोकला आणि बहिरेपणा ही त्या खात्याची कमाई होती. ते मोठ्याने बोलत, त्यामुळे नव्या माणसाला ते रागावले आहेत असे वाटे. प्रत्यक्षात ते फार क्वचित रागावत.

एक कौशल्य मात्र त्यांच्या बोटांत अखेरपर्यंत राहिले. तुटलेल्या धाग्याची गाठ ते डाव्या हाताच्या अंगठ्यावर, न बघता, डोळ्याची पापणी लवायच्या आत मारत. मी सातवीत असताना १४ ऑगस्टच्या संध्याकाळी झेंड्याची दोरी मधेच तुटली. बाजार बंद झालेला, नवी दोरी मिळण्याचा संभव नाही. शिपाईमामांनी मारलेली गाठ कप्पीत अडकू लागली, तेव्हा कोणीतरी आजोबांना बोलावून आणले. त्यांनी ती गाठ सोडली, दोरीची दोन्ही टोके ओली केली आणि आपली गाठ मारून ती दोन्ही अंगांनी ओढून पाहिली. गोळा जमलेल्या आम्हा मुलांना ते म्हणाले, "गाठ फणीतनं गेली पायजे, अडकली तर कापड बिघाडतं." आमच्यापुढे मागाची, उभे धागे जिच्यातून जातात ती फणी नव्हती, कप्पी होती, परंतु दुसऱ्या दिवशी झेंडा विनासायास वर गेला आणि ती दोरी त्यानंतर कित्येक महिने तशीच होती.

घरासाठी त्यांनी काय केले याची यादी मी देणार नाही, कारण त्या काळच्या प्रत्येक चाकरमान्याने तेच केले होते: बहिणींची लग्ने, धाकट्या भावाचे शिक्षण, गहाण पडलेली एक मळी सोडवणे. आजी गावी शेती सांभाळत होती आणि लग्नानंतरच्या तीस वर्षांत उभयतांनी एकत्र घालवलेले दिवस मोजले तर ते तीन वर्षेही भरणार नाहीत, असे ती कधी हसत, कधी न हसता सांगे. दर महिन्याला मनीऑर्डर येई. तिच्या खालच्या भागातल्या मजकुराच्या जागेत आजोबा बैलांची आणि मुलांची चौकशी त्याच क्रमाने करीत. गणपतीला येताना ते फेंटचे कापड आणत. हे गिरणीतले तुकडे कामगारांना स्वस्तात मिळत, आणि एकाच तुकड्यातून सगळ्यांचे शिवून होत असल्याने आरतीला उभे असलेले आमचे घर बँडपथकासारखे दिसे, असे माझे वडील सांगत.

आता वहीकडे येतो. आपल्या गावात त्या वेळी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचे तर नदीपलीकडे दोन तास चालत जावे लागे, आणि पावसाळ्यात ते शक्यच नव्हते. हायस्कूल काढायचे ठरले ते गावात नव्हे, लालबागच्या त्या खोलीत. दरमहा प्रत्येकी दोन रुपये वर्गणी ठरली आणि खजिनदार म्हणून आजोबांची निवड झाली. अक्षर बरे म्हणून नव्हे, तर ते दारू पीत नसत म्हणून, असे ते स्वतःच सांगत. पगाराच्या दिवशी दुसऱ्या पाळीची माणसे रात्री बाराला सुटून येईपर्यंत ते जागे राहत. कारण पगाराच्या रात्री न घेतलेले दोन रुपये सकाळी शिल्लक नसतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वहीत प्रत्येक माणसाला एक ओळ आणि प्रत्येक महिन्याला एक रकाना होता. त्या रकान्यांतून पुढे देवळाच्या सभामंडपात वर्ग सुरू झाले, मग जागा मिळाली, मग जोते झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याचे कधीच जाहीर झाले नाही. वहीत फेब्रुवारी १९८२ पासून रकाने कोरे आहेत. जोत्यावर गवत वाढले. त्यानंतरचा भाग मला आजही विशेष वाटतो: मुंबईहून पैसे यायचे थांबले, तेव्हा मुंबईची माणसेच आली. खानावळीचे पैसे थकले म्हणून एकेक जण ट्रंक घेऊन गावी परतला, आणि शेतीची कामे उरकल्यावर रिकाम्या बसलेल्या या माणसांनी चिरेखाणीतून चिरे वाहून आणून भिंती उभ्या केल्या. वीस-पंचवीस वर्षे धाग्यांत वावरलेल्या हातांना चिरा सोसत नव्हता. आजोबांच्या तळहातांवर फोड आले की आजी त्यांना खोबरेल लावी आणि बोलणीही देई. मार्च १९८४ मध्ये बैठक होऊन, गावी परतलेल्यांनी यापुढे वर्गणी देऊ नये आणि मागची थकबाकीही माफ समजावी, असे ठरले.

ही माफी आजोबांनी इतरांसाठी मान्य केली. जून १९९१ मध्ये, मी याच शाळेत पाचवीत आलो त्याच महिन्यात, गिरणीकडून अडकून पडलेले त्यांचे काही पैसे अखेर हाती आले. रक्कम फार नव्हती आणि ती मिळवण्यासाठी किती खेपा घालाव्या लागल्या, तो विषय इथला नव्हे. त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून वही काढली आणि मला जवळ बसवून कोरे रकाने मोजायला सांगितले. फेब्रुवारी १९८२ ते मार्च १९८४, म्हणजे सव्वीस. सव्वीस दुणे बावन्न. मी उत्तर सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा करायला लावले आणि मग पन्नासची एक व दोनची एक अशा दोन नोटा मुख्याध्यापकांना देण्यासाठी पाकिटात घातल्या.

हिशेबात तरबेज असल्याच्या आनंदात मी पुढची पानेही वाचू लागलो. आजोबांना ऐकू जावे म्हणून मला ओरडूनच वाचावे लागे. एका ओळीवर माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलाच्या आजोबांचे नाव दिसले आणि मी अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आजोबा, यांच्याकडून तर अजून येणं आहे!" समोरच्या पाणंदीने लोक बाजारातून परतत होते. आजी घाईघाईने ओटीवर आली. आजोबा मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, आजीला गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला सांगितली आणि ती निवल्यावर थकबाकीची पाने एकमेकांना चिकटवून टाकली. अगदी कडेपर्यंत, बोटाने दाबत, साच्यावरच्या कापडाची किनार तपासावी तसे. मग त्यांनी वहीवर पाटा ठेवला.

आजोबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती वही या महोत्सवाच्या निमित्ताने मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे. कडा कसरीने खाल्ल्या असल्या तरी अक्षर स्वच्छ आहे आणि प्रदर्शनात मांडण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे, की मधली चिकटलेली पाने वाफ देऊन किंवा अन्य कोणत्याही उपायाने सोडवू नयेत. मीही ती कधी सोडवलेली नाहीत.