साठ दिवसांची इन्क्वायरी, सात महिन्यांची वाट

अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करत असताना मी माझ्याच लॅबमधल्या कामाबद्दल विद्यापीठाकडे तक्रार केली होती. त्याला काही वर्षं झाली, पण त्या सात महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

दोन पेपर, दोन वेगळी प्रोटीन्स, आणि दोन्ही वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन पट्ट्यांसारखं दिसतं अशा चाचणीच्या चित्रात) तिसऱ्या बँडखाली, म्हणजे पट्टीखाली, तोच तिरका ओरखडा. एकात डावीकडे झुकलेला, दुसऱ्यात उजवीकडे. चित्र पलटवून पुन्हा वापरलं होतं.

काम एनआयएचच्या (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) पैशावर चाललेलं, त्यामुळे विद्यापीठाला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, नियम बंधनकारक होते. डेटा रचणं, डेटात फेरफार करणं आणि दुसऱ्याचं उचलणं एवढंच त्यात गैरवर्तन धरतात. प्रामाणिक चूक धरत नाहीत. म्हणून मी मेलमध्ये कुणाच्या हेतूबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त पेपर, पान आणि आकृतीचा क्रमांक दिला. तुम्हीही तसंच करा.

आठवड्याभरात सकाळीच विद्यापीठाचे दोन अधिकारी आले. हार्ड डिस्कची कॉपी घेतली, वह्या मोजून खोक्यांत भरल्या. त्यात माझी चालू प्रयोगाची वहीही गेली. हातात पावती आली.

आणि मग शांतता.

इन्क्वायरी म्हणजे पुढे सविस्तर चौकशी करण्याइतका दम तक्रारीत आहे का, एवढंच बघणं. तेव्हा त्याला 60 दिवसांची मुदत होती. कारण नोंदवून ती वाढवता येते, पण ते कारण तक्रारदाराला सांगायलाच हवं असं नाही. मी दर दोन आठवड्यांनी मेल करायचे, उत्तर एकच यायचं: ‘प्रक्रिया सुरू आहे.’ इकडे दर सोमवारी लॅब मीटिंगला मी त्याच सरांसमोर, म्हणजे लॅबच्या प्रमुखांसमोर, बसायचे. माझा व्हिसा त्यांच्या सहीवर होता. गुप्तता पाळायची असते हे खरं, पण सहा माणसांच्या लॅबमध्ये कोण बोललं ते कुणाला कळायचं राहतं? चौथ्या महिन्यात सरांनी माझं नाव संशोधनाच्या एका पोस्टरवरून काढलं, तेव्हा मी इंटिग्रिटी ऑफिसरना (अशा तक्रारी बघणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना) तारीखवार लिहून कळवलं. तक्रारदाराला सूडापासून जपायची जबाबदारी संस्थेची असते, हे मला आधी माहीत असतं तर मी इतकी घाबरले नसते. पोस्टरवर नाव परत आलं.

हो, वहीचं सांगायचं राहिलं. स्कॅन लगेच मागा. मी दोन महिने उगाच गप्प बसले. मागितल्यावर चार दिवसांत मिळाले.

सातव्या महिन्यात पत्र आलं: इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे सविस्तर चौकशी, होणार. जिन्यात बसून रडले. पुढचं सगळं सुरळीत झालं. मुलाखतीची लेखी प्रत तपासायला मिळाली, तिच्यात एका आकृतीचा क्रमांक चुकला होता तो मी दुरुस्त केला. ती प्रत नीट वाचा, समिती तिच्यावरच जाते. शेवटी एक पेपर मागे घेतला गेला.

1 जानेवारी 2026 पासून नवे नियम लागू झाले आहेत. इन्क्वायरीला आता 90 दिवस मिळतात. पण इन्क्वायरीतून काय निघालं हे तक्रारदाराला कळवायची सक्ती त्यातही नाही.