चौथ्या ॲक्सिसचं होमिंग: तीन बोल्ट आणि एक पत्रा

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, "आता फक्त होमिंग उरलंय, एका संध्याकाळचं काम." तीन आठवडे लागले. होमिंग म्हणजे चालू झाल्यावर मशीनने स्विच शोधून आपलं शून्य ठरवणं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सेटअप सांगतो. लाकूड कोरणारं राउटर, ते चालवायला लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर. टेबलावर आडवा टाकलेला ८० मिमीचा थ्री जॉ चक (तीन जबड्यांची पकड), नेमा २३ मापाची स्टेपर मोटर, मध्ये ६ ला १ बेल्ट. चकचं हे फिरणं म्हणजे चौथा, ए ॲक्सिस. सध्या त्यावर नक्षीची लाटणी काढतोय. मोटरचे २०० स्टेप, ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (प्रत्येक स्टेपचे आठ तुकडे) आणि बेल्टचे ६, म्हणजे एका फेरीला ९६०० पल्स. एक पल्स ०.०३७५ अंशाचा. आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये स्केल, म्हणजे एका अंशाचे पल्स, लिहिताना २६.६७ वर थांबू नका, २६.६६६६६६७ असं लांबलचक लिहा. दर फेरीला १.२ पल्सची चूक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चाळीस फेऱ्यांच्या जॉबमध्ये ती १.८ अंशांवर जाते. मी हे लाटण्यावर शिकलो.

आधी लिमिटचं, म्हणजे ॲक्सिसला टोकाला थांबवणाऱ्या मर्यादेचं. चक गोल गोल फिरतो, त्याला टोकच नाही, मग लिमिट स्विच लावणार कुठे? लावला नाही. सॉफ्ट (सॉफ्टवेअरमधली) लिमिट उणे ९९९९९ ते अधिक ९९९९९ अशी भरून विषय मिटवला. रॅप्ड रोटरी (३६० नंतर कोन पुन्हा शून्यापासून मोजणं) बंदच ठेवलंय, कारण माझं कॅम (कटिंगचा प्रोग्राम बनवणारं) सॉफ्टवेअर कोन सलग वाढवत नेतं. जॉब संपतो तेव्हा ए ॲक्सिस १४४०० वर असतो. अशा वेळी चुकूनही जी झीरो ए झीरो (ए शून्यावर ने) ही आज्ञा देऊ नका, चक चाळीस फेऱ्या उलटा फिरत बसतो. पुन्हा होम केलं की एका फेरीच्या आत आकडा शून्यावर.

"जॉब चकमधून काढलाच नाही, मग होम कशाला?" असं मलाही वाटायचं. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. एका गुरुवारी अर्धं लाटणं झालेलं असताना गेली. परत आल्यावर तिथूनच पुढे चालू केलं, तर नक्षीत स्पष्ट पायरी. कारण असं की मायक्रोस्टेपवर थांबलेली मोटर वीज गेल्यावर सैल पडते, आणि ड्रायव्हर पुन्हा चालू झाला की रोटर (मोटरचा फिरणारा भाग) ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या फेजवर उडी मारतो. ही उडी जास्तीत जास्त दोन फुल स्टेपची. मोटरवर ३.६ अंश, बेल्टनंतर चकवर ०.६. ४४ मिमी जाडीच्या लाटण्यावर ०.२३ मिमी. नखाला लागतंच.

तर स्विच. भुशात मायक्रोस्विच आणि ऑप्टिकल दोन्ही नको होते, म्हणून बुधवार पेठेतून १२ मिमीचा इंडक्टिव्ह प्रॉक्सी (न शिवता जवळचा धातू ओळखणारा सेन्सर) आणला. एनपीएन, नॉर्मली ओपन, ४ मिमी रेंज. तपकिरी २४ व्होल्ट, निळा शून्य, काळा सिग्नल. तो थेट ब्रेकआउट बोर्डाच्या (कंप्युटर आणि मशीनच्या वायरी जोडणाऱ्या बोर्डाच्या) ५ व्होल्टला जोडू नका, मध्ये ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पुढे नेणारा भाग) टाका. २४ व्होल्टवर २.२ के चा रेझिस्टर घेतला तर साधारण १० मिलिॲम्पिअर जातात आणि पाव वॉटचा रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. अर्ध्या वॉटचा घ्या. प्रॉक्सी बसवायचा चकच्या बाजूला. मोटरच्या बाजूला बसवलात तर बेल्टमुळे एका फेरीत सहा होम मिळतील.

मला सहा नाही, चार मिळाले. चकच्या मागच्या फ्लँजवर (चकतीवर) एक स्क्रू लावला, प्रॉक्सी त्याच्यासमोर. पहिल्या दिवशी होमिंग झकास. दुसऱ्या दिवशी शून्य १२० अंश सरकलेलं. एक पूर्ण संध्याकाळ कनेक्शन तपासण्यात घालवली. मग मोटर बंद करून चक हाताने हळूहळू फिरवला आणि प्रॉक्सीच्या बुडाशी असलेल्या लाल दिव्याकडे बघत बसलो. दिवा एका फेरीत चार वेळा लागला! एकदा माझ्या स्क्रूला, तीनदा चक धरणाऱ्या ॲलन बोल्टांना. हा प्रॉक्सी उघड्या तोंडाचा, बाजूचं लोखंडही पकडतो.

स्क्रू फेकला. त्याऐवजी फ्लँजच्या कडेबाहेर येणारा एमएसचा (साध्या पोलादाचा) पत्रा फ्लॅग, म्हणजे प्रॉक्सीची खूण, म्हणून लावला, सरळ धारेचा, मध्यापासून ५० मिमीवर. बोल्ट आता प्रॉक्सीच्या वाटेतच येत नाहीत. दुसरा फायदा नंतर लक्षात आला. प्रॉक्सी ०.०२ मिमी इकडेतिकडे करत असेल, तर २० मिमी त्रिज्येवर तो जवळजवळ ०.०६ अंश होतो आणि ५० मिमीवर ०.०२३, म्हणजे एका पल्सच्या आत. फ्लॅग जितका बाहेर तितका कोन बरा. ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र नको, त्याला रेंज निम्म्याहून कमी होते. प्रॉक्सी आणि पत्र्यातली गॅप मोजायला फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या) नव्हता, १.६ मिमीचा जुना पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) तुकडा सरकवला आणि नट आवळला.

सेटिंग: सर्च (स्विच शोधण्याचा वेग) १५ अंश प्रति सेकंद, लॅच (नेमका बिंदू पकडण्याचा हळू वेग) १, दोन्हींचं चिन्ह एकच. चिन्ह एकच असलं की ॲक्सिस फ्लॅगवरून मागे येतो आणि त्याच दिशेने पुन्हा हळू शिवतो. बेल्टचा ढिलेपणा दर वेळी एकाच बाजूला राहतो. स्पिंडल चालू केला की प्रॉक्सी आपोआप लागायचा, तो व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) प्रताप. शील्डेड केबल एकाच टोकाला अर्थ केली, शिवाय ५ मिलिसेकंदांचा डीबाउन्स (तेवढा वेळ टिकला तरच सिग्नल खरा). लॅचच्या वेगाला त्याने ०.००५ अंशाचा फरक पडतो, तोही दर वेळी तेवढाच.

होमिंगचा क्रम: आधी झेड, मग एक्स आणि वाय एकत्र, ए सगळ्यात शेवटी. मी पहिल्यांदा चारही एकदम सोडले होते. लाटणं फिरलं तेव्हा ३ मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) अजून लाकडातच होता.

नाशिकच्या मित्राचं ट्रनियन (कलणारं टेबल) आहे, त्याचं गणित वेगळं. तिथे टेबल कलतं आणि खरंच आपटतं, म्हणून दोन्ही टोकांना नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले) स्विच सीरिजमध्ये हवेतच. वायर तुटली तरी मशीन थांबतं. त्याची एक युक्ती मला फार आवडली. फ्लॅग म्हणून त्याने पत्र्याची अर्धी चकती लावलीय. चालू करताना स्विच लागलेला असेल तर टेबल होमच्या एका बाजूला, नसेल तर दुसऱ्या. त्यामुळे ते कधी उलट दिशेने शोधत जाऊन आपटत नाही.

शेवटी चकमध्ये चौकोनी बार धरला, मध्यापासून ६० मिमीवर डायल (बारीक हालचाल मोजणारं गेज) टेकवली आणि वीस वेळा होम केलं, दर वेळी आधी चक हाताने कुठेतरी फिरवून. स्क्रू असताना आकडे ०.१५ मिमीत पसरायचे. आता ०.०४, म्हणजे त्या त्रिज्येवर एक पल्स. गेल्या गुरुवारी वीज जाण्याची वाट बघितली नाही, अर्ध्या लाटण्यावर मीच मेन स्विच पाडला. होम केलं, पुढे चालू केलं. जोड कुठे आहे ते मला माहीत असूनही बोटाला सापडला नाही. आईला दाखवलं, ती म्हणाली, "पण याला पीठ चिकटणार."