बोटांची तक्रार आणि सीटचे नाक

लांब पल्ल्याची सायकल चालवणारे कोल्हापुरात आता बरेच झाले आहेत आणि त्यांतले काही गुडघे-कंबर घेऊन माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येतात. हे गृहस्थ मात्र मानेच्या एमआरआयची फाईल घेऊन आले. पन्नाशीचे, शिरोळकडचे ऊस बागायतदार. 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब सायकलफेरी) वेळेत पूर्ण केलेली आणि आता 20 तासांची मुदत असलेल्या 300 किलोमीटरची तयारी चाललेली. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होत होती. अहवालात एक चकती किंचित सरकलेली होती, जी त्या वयात काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही सर्रास दिसते. पण आपल्याकडे हात बधिर झाला की तळहात तपासण्याआधी मानेचा फोटो काढला जातो.

मी कापसाने हाताच्या दोन्ही बाजू तपासल्या. तळहाताकडून करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर, मात्र हाताच्या पाठीवर, त्याच बोटांच्या मागे, स्पर्श स्वच्छ कळत होता. करंगळीकडे जाणारी अल्नर नस मनगटापर्यंत पोहोचण्याआधीच तिची हाताच्या पाठीकडची शाखा वेगळी होते, म्हणून दोष मानेत किंवा कोपरात असता तर हाताची पाठही बहुधा बधिर झाली असती. नस दबत होती ती मनगटाशी, गुयॉनच्या अरुंद बोगद्यात, जिथे हँडलवर टेकलेल्या तळहाताचा सगळा भार येतो. अंगठा आणि तर्जनीत धरलेला कागद मी ओढला तेव्हा अंगठ्याचे टोक वाकले, म्हणजे स्नायूही थोडा कमकुवत झाला होता.

सायकल टेम्पोत होती, ती आत आणवली. गवंड्याकडची असते तशी छोटी पाणसळ सीटवर ठेवली, तर सीटचे नाक चांगलेच खाली झुकलेले. अशा सीटवर माणूस सतत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी थोपवत राहतो. हे कोणी केले, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मीच केलं, मॅडम," आणि गप्प झाले. दार लोटून घेतल्यावर मग कळले की, तासाभराने खालचा भाग बधिर व्हायचा, म्हणून मित्राच्या सल्ल्याने त्यांनी नाक खाली केले होते. फाईलमध्ये याचा एक शब्दही नव्हता, कारण कोणी विचारलेच नव्हते.

लघवीवरचा ताबा आणि पायांची ताकद ठीक होती, सायकलवरून उतरल्यावर बधिरता अर्ध्या तासात जात होती. तसे नसते तर मी त्यांना त्याच दिवशी सर्जनकडे पाठवले असते. पुढची कारणे सायकलवरच सापडली. सीट इतकी उंच होती की पॅडल तळाशी गेले की कंबर डावी-उजवीकडे डुलायची. वर जाड जेलचे कव्हर होते. मऊ कव्हर दुकानात दाबून पाहायला छान वाटते, पण बैठकीची हाडे त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमक्या नाजूक नसांवर दाबतो. पन्हाळी पुठ्ठ्यावर बसवून हाडांच्या खुणांमधले अंतर मोजले, तर त्यांची सीट त्या मानाने अरुंद निघाली. दुकानदाराने उंची विचारून सायकल दिली होती. बैठक मोजायची असते हे त्याच्या गावीही नव्हते.

सीट खाली घेतली, नाक पाणसळीत आणले, मध्ये खाच असलेली रुंद सीट आणि आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा दांडा) बसवला. पॅडच्या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचे नाही, कारण शिवणच काचते. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभे राहून हातांची जागा बदलायची, हेही सांगितले.

300 पुढे ढकला, असे मी म्हटले होते. त्यांनी ऐकले नाही, मुदतीत पूर्ण केली आणि खालची बधिरता परतली नाही. करंगळीही जागी झाली आहे. पण कागद ओढला की अंगठा अजून थोडा वाकतो, आणि तो त्या 300 मुळे रेंगाळला की तसाही रेंगाळला असता, हे मला ठरवता येत नाही. ते आता त्यांच्या सायकलवाल्या मित्रांना बोटांसाठी माझ्याकडे पाठवतात. मी आधी दार लावते आणि सीटबद्दल विचारते.