नळीकडे पाहत घालवलेली वीस मिनिटं

श्रावणातली पहाट, नाइट ड्युटी संपत आलेली. उमरेडकडच्या खेड्यातून वडील बारा वर्षांच्या पोराला घेऊन नागपूरला आले. गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. "तीन वाजतापासून पोट दुखून राह्यलं म्हणते मॅडम. काही चावलं-गिवलं नाही जी."

वर बघ म्हटलं तर पोराच्या पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. कुठे झोपला होता? खाली, चटईवर. मला मण्यारीचीच शंका आली. तिचे दात इतके बारीक की खूण बहुतेकदा सापडत नाही, सूजही येत नाही. अंगभर शोधलं, काही नाही. श्वासाची ताकद कळावी म्हणून एका दमात आकडे मोजायला लावले: २२ पर्यंत गेला.

वरिष्ठांना फोन केला. "चावा नाही, साप कुणी पाहिला नाही. एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, रिॲक्शन आली तर काय लिहिशील? आधी क्लॉटिंग टेस्ट कर."

केली. २ मिली रक्त, कोरड्या काचेच्या नळीत, २० मिनिटं न हलवता. नळी काचेचीच लागते. आमच्या स्टोअरमधून प्लास्टिकच्या येतात, म्हणून सिस्टर दोन-चार काचेच्या आपल्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवतात. रक्त गोठलं. गोठणारच होतं! ही टेस्ट घोणस-फुरशाची, त्यांच्या विषानं रक्त गोठत नाही. मण्यारीचं विष नसांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांवर जाऊन बसतं, रक्त गोठतंच. हे मला पाठ होतं. तरी कागदावर काहीतरी आधार हवा म्हणून मी थांबले.

पोर आता १४ वर अडकत होतं. मग कुणाला न विचारता एएसव्हीच्या १० व्हायल (कुप्या) सुरू केल्या. मूल असलं तरी डोस मोठ्यांइतकाच. साप काही वय बघून विष सोडत नाही. पावडर विरघळवताना व्हायल जोरात हलवली की फेस होतो, म्हणून सिस्टर एकेक तळहातात हळू फिरवत बसल्या. ज्या रिॲक्शनची भीती घातली होती ती आलीही: अंगावर पित्त उठलं, ॲड्रेनालिननं बसलं. श्वास मात्र उतरतच गेला. सातच्या सुमारास श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं.

पाच दिवसांनी नळी निघाली. नंतर तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. वडील हात जोडत होते, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एएसव्ही रक्तात फिरणारं विष अडवते, नसांवर बसलेलं काढत नाही. लवकर दिली असती तर नळी टळली असती का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ५:२० ला २२, ५:५० ला १४.