घर सोडायचं ठरलं असेल तर

मारहाण झाली की आधी सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय, गाठा. पोलिसांत तक्रार नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पण डॉक्टरांना ‘जिन्यावरून पडले’ सांगू नका. कोणी, कशाने मारलं हे केसपेपरवर आलंच पाहिजे. वळ आठवड्यात पुसट होतात, पुढे कोर्टात तो केसपेपरच कामी येतो.

पिशवी विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवा. आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, रोजची औषधं. रेशनकार्डाची मात्र झेरॉक्सच; मूळ कार्ड गायब झालं की सासूला पहिला संशय येतो. निघताना फोनचं लोकेशन बंद.

महिला हेल्पलाइन १८१ वर किंवा, जीवावरच बेतलं तर, ११२ वर फोन करा. सखी केंद्रातला (हिंसाचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) मुक्काम थोड्या दिवसांचा असतो, पुढे आधारगृह. मुलगा मोठा असेल तर वयाची अट आधी विचारा, नाहीतर ऐनवेळी माय-लेकरांची ताटातूट होते.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरून देतात. सासर चंदगडला आणि आसरा कागलला, तरी कागलच्या कोर्टात अर्ज चालतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी असं कायदा म्हणतो. म्हणतो खरा! नोटीस बजावण्यातच घोडं अडतं. म्हणून नवऱ्याच्या कामाचाही पत्ता द्या आणि कलम २३ खाली अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश सुरुवातीलाच मागा. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.